गुलगुला चॅनलचा एक जून

सिद्धोधनभाऊंचा जबडा तीन ठिकाणी मोडला होता. त्याला नऊ वर्षं झाली. डाव्या बाजूनं त्यांना अजून भाकरी चावता येत नाही. मारणारे कोण, हे सगळ्या जिंतुराला माहीत आहे. पण कोर्टाला मार खाणाऱ्याखेरीज डोळ्यांनी पाहणारा माणूस लागतो. पाहणारं माणूस एकच होतं, नऊ वर्षांचं, आणि ते मी लपवून ठेवलं होतं. माझी मुलगी राजनंदिनी, आमची नंदू.

सिद्धोधनभाऊ आमच्याच गल्लीतले. आयटीआय झालेले वायरमन. दोन हजार आठच्या सुमारास त्यांनी साठ घरांना केबल दिली. गावात दुसरी केबल नागनाथची. नागनाथ म्हणजे बन्सीधररावांचा पुतण्या, आणि बन्सीधरराव म्हणजे माझे यजमान राम सर ज्या शाळेत शिकवतात तिचे संस्थाचालक. दोन केबलवाल्यांत रोजची मारामारी. रात्रीतून वायर कापायची, नाहीतर वायरीत टाचणी टोचून ठेवायची. चित्र जातं आणि बिघाड काही सापडत नाही. भाऊ काही साधू नव्हते. नागनाथच्या एका माणसाला त्यांनी आमच्या दारासमोरच्या खांबावरून पाय धरून खाली ओढलं आणि त्याच्या तोंडावर पक्कड मारली. त्या माणसाचे दोन दात आमच्या पायरीवर पडले होते. मीच ते झाडूनं लोटले.

गुलगुला चॅनल या मारामारीतूनच निघालं. नागनाथकडे पैसा होता, सगळी मोठी चॅनलं होती. भाऊंनी परभणीच्या बाजारातून जुन्या सीड्यांचं खोकं आणलं. कुठल्याशा परदेशातलं कार्टून, एक अस्वल आणि एक कोल्ही. भाषा कोणती, कोणालाच कळेना. लेकरं बघायची आणि जांभया द्यायची. एका संध्याकाळी भाऊंनी आवाज बंद केला, माईक ओढला आणि स्वतःच बोलायला लागले.

"आगं ए कोल्हे, कामून पळायलीस? थांब की जराशी, टाळकं फोडू दे माय!"

गल्लीतल्या एकूण एक घरातून लेकरांचं हसू ऐकू आलं. तेव्हापासून रोज पाच ते सात. अस्वल भाऊंच्या आवाजात आपल्या बोलीत शिव्या घालायचं आणि कोल्ही त्याला मुसळानं, तव्यानं, जात्याच्या पाळीनं ठेचायची. ओल्या पोत्यावर काठी हाणून भाऊ त्याचा आवाज काढायचे. दोन वर्षांत साठाची चौदाशे घरं झाली. बाया नागनाथची केबल काढून टाकायच्या, कारण गुलगुला लावल्याशिवाय पोरं घास घेत नव्हती.

मला मात्र ते सगळं बघून धडकी भरायची. एकदा मी वाकून तांदूळ निवडत होते. नंदूनं मागून येऊन माझ्या डोक्यात लाटणं घातलं आणि समोर येऊन उभी राहिली, मी चपटी व्हायची वाट बघत. डोक्याला टेंगूळ आलं. मी तशीच कंट्रोल रूमवर गेले. कंट्रोल रूम म्हणजे त्यांच्या गच्चीवरची पत्र्याची खोली.

"भाऊ, काय शिकवायलात हो लेकरांना?"

"वहिनी, आपलं अस्वल मरत न्हाई ना! दर बारीला उठतंय." मग नंदूकडे बघून म्हणाले, "काय गं, आईला हाणतीस? मग कोल्हीचा आवाज तूच काढ."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण टीव्हीतून माझ्या मुलीचा आवाज आला, शेजारणी दारात येऊन "तुमची नंदूच हाय का हो ती?" विचारू लागल्या, आणि मी रोज पाच वाजता तिची वेणी घालून तिला वर पाठवू लागले.

रोज सुरुवातीला वाढदिवसाची चौकट लागायची. मधे केक, भोवती त्या दिवशीच्या लेकरांचे फोटो, प्रत्येकाच्या डोक्यावर अस्वलाचे कान. फुकट. बाया आठ दिवस आधी फोटो आणून द्यायच्या.

आणि एक जून. आपल्याकडच्या चाळिशीपुढच्या माणसांचा वाढदिवस काय असतो, हे सांगायला नको. मास्तरांनी पोराचे दात बघून वर्ष ठरवलं आणि तारीख लिहिली एक जून. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. दोन हजार सोळाला भाऊंच्या मनात आलं, या मोठ्या माणसांचा केक कोणी कापलाच नाही, आपण कापू. त्यांनी फोटो गोळा केले. भाजीवाल्या बायनाबाई, एसटीतले दोन ड्रायव्हर, स्वतःचे वडील. बन्सीधररावांचाही वाढदिवस एक जूनचाच. त्यांचा फोटो मागायची गरज नव्हती, चौकाचौकात बॅनर लागले होते. एकावरून भाऊंनी तो मोबाइलवर घेतला आणि सितारामच्या शेजारी लावला.

सिताराम रावांच्या शेतावर तीस वर्षं सालगडी होता. दोघांनाही एकाच मास्तरानं एकाच सकाळी पहिलीत घातलं होतं. सितारामचा फोटो आधी आला म्हणून आधी लागला, रावांचा नंतर. दोघांच्या डोक्यावर कान. खाली लिहिलं, 'एकाच मास्तराची लेकरं'.

भाऊंना खरंच वाटलं होतं की राव हसतील.

पाच वाजता चौकट लागली. शाळेला सुट्टी, नंदू वर होती. आवाज घुमू नये म्हणून माईकच्या मागं जाड गोधडी टांगलेली असायची. तिच्या आडून ती कोल्हीचं बोलायची. साडेपाचला गल्लीत जीप थांबली. मी आमच्या घरात कणीक मळत होते, टीव्ही चालू होता. पडद्यावर अस्वल झाडावर चढत होतं आणि आवाज आला, "आमच्या काकाला कान लावतो का रे? सालगड्याच्या मागं बसवतो?"

मला वाटलं, नवीन पात्र आणलं असेल.

मग ठोसा. मग काहीतरी लोखंडी. माईक चालूच होता. चौदाशे घरांत अस्वल झाडावर चढत होतं आणि माणसाचं हाड मोडल्याचा आवाज येत होता. गल्लीतली लेकरं हसत होती. मीही हसले असेन, आठवत नाही. पोत्याचा आवाज आणि जबड्याचा आवाज यांत फरक असतो, तो कळायला मला चौथा की पाचवा फटका ऐकावा लागला. मग पिठाच्या हातांनी मी भाऊंच्या जिन्याकडे धावले.

आत काय झालं ते नंदूनं नंतर सांगितलं. पहिल्या फटक्याला तीही हसली होती. गोधडीच्या फटीतून तिनं पाहिलं: नागनाथच्या हातात सळई, बाकीच्या दोघांनी भाऊंचे हात मागं धरलेले. भाऊ खाली कोसळले तेव्हा ते उठतील म्हणून ती थांबली. उठले नाहीत. ती बाहेर येणार, तेवढ्यात रक्तानं भरलेल्या तोंडानं ते अस्वलाच्या आवाजात बोलले, "कोल्हे, बिळातून भाईर येऊ नको." नागनाथ म्हणाला, "भ्रमलंय बेणं," आणि तोंडावर आणखी एकदा सळई घातली. ती तशीच उभी राहिली. मी पोचले तेव्हा जीप गेली होती. गोधडीखाली तिचे पाय दिसत होते आणि रक्त तिच्या बोटांपर्यंत आलं होतं.

त्याच संध्याकाळी शाळेतून फोन आला. "सर, तुमची मुलगी तिथं जात होती म्हणे?"

"ती सुट्टीत आजोळी आहे, पोखर्णीला," नंदूचे बाबा म्हणाले. आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं मी तिला खरंच पोखर्णीला नेऊन ठेवलं. वाटेत बजावलं, तू काही पाहिलं नाहीस. गल्लीतल्यांनीही रावांच्या धाकानं पोखर्णीचंच सांगितलं. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा भाऊंच्या जबड्याला तारा बांधलेल्या होत्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं, 'मी एकटाच होतो.' त्यांची बायको सविता मला एवढंच म्हणाली, "वहिनी, तुमच्या लेकराचं नाव त्यांनी घेतलं न्हाई. तुमी तरी घ्या." मी घेतलं नाही.

चौदाशे घरांनी ऐकलं होतं. पण नागनाथच्या वकिलाचं उत्तर तयार होतं: फिर्यादी रोज वेगवेगळे आवाज काढतो, हाही त्यानंच काढला असेल.

तारा निघेपर्यंत चॅनल मुकं चाललं. नंतर भाऊ बोलायला बसले, तर अस्वलाच्या तोंडून नुसता वारा. लेकरं म्हणू लागली, अस्वल म्हातारं झालं. मग सेट-टॉप बॉक्सची सक्ती आली, तालुक्याची एजन्सी नागनाथला मिळाली, आणि घरोघरी लेकरांच्या हातात मोबाइल आले. दोन हजार अठराला भाऊंनी खांबांवरच्या आपल्या वायरी स्वतःच काढल्या आणि भंगारात घातल्या. आता ते पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. दिवसभर बोलावं लागत नाही.

नंदूला यंदा अठरा पूर्ण झाली. परभणीला कॉलेजात आहे. तारखांवर तारखा पडून खटला उभा राहिला, तेव्हा ती कोणालाच न सांगता सरकारी वकिलांना भेटली. घरी येऊन म्हणाली, "आई, मी सांगणार हाय."

"बाबांची चार वर्षं राहिलीत नोकरीची. आणि तू रोज नागनाथच्या दारावरूनच परभणीच्या गाडीला जातेस."

"माहीत हाय."

मी तिच्या मुस्काटात मारली. तिच्या कानातली रिंग तुटून पडली. ती म्हणाली, "आता काय करू, हसू का?"

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः आले. "नंदू, नको माय. मी लिहून दिलंय एकटा होतो म्हणून. तू बोललीस तर मी खोटा ठरतो."

"मग ठरा खोटे, काका."

आज साक्ष झाली. नंदूनं सगळं सांगितलं, सळई कोणत्या हातात होती तेसुद्धा. नागनाथकडे बोट दाखवलं. त्याच्या वकिलानं भाऊंचा जुना कागद पुढं केला. "फिर्यादी म्हणतो एकटा होतो, तू म्हणतेस मी होते. कोण खोटं बोलतंय?"

"काका," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

न्यायाधीशांनी भाऊंना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. "ही मुलगी तिथे होती का?"

भाऊ न्यायाधीशांकडे बघेनात. नागनाथकडेही नाही. ते माझ्याकडे बघत होते. सगळं कोर्ट थांबलं होतं आणि तो माणूस, ज्याचं तोंड माझ्या मुलीपायी दोनदा बंद झालं होतं, एकदा सळईनं आणि एकदा स्वतःच्याच कागदानं, मला विचारत होता की बोलू का.

मी मान हलवली. हो म्हणून.

"होती," ते म्हणाले.

कोर्टाच्या व्हरांड्यात नागनाथच्या माणसानं नंदूची ओढणी धरून गळ्याभोवती आवळली. मी त्याच्या मनगटाला चावले, शिपाई येईपर्यंत सोडलं नाही. तोंडातली खारट चव अजून गेलेली नाही. संध्याकाळी नंदूच्या बाबांच्या हाती निलंबनाचा कागद आला. जेवणं झाल्यावर खिडकीतून दगड आला, मग दुसरा. नंदूचे बाबा दाराला कपाट लावून बसलेत. नंदू झोपली आहे.

निकाल काय लागेल, मला माहीत नाही. मी मान हलवली होती, एवढं तारीख घालून लिहून ठेवते. उद्या कोणी दारात येऊन विचारलं, आणि भीतीनं माझी जीभ फिरली, तरी हा कागद नाही म्हणणार नाही.