खुर्चीत बसलेला माणूस

चहा आधी संपवून घ्या. नाहीतर ऐकता ऐकता तो गार होईल आणि त्याचा ठपका माझ्यावर येईल. माझ्यावर ठपका यायला तसं कारणही लागत नाही म्हणा. कोणी ठेवला नाही, तर मीच ठेवून घेतो.

मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. डॉक्टरेट केली. पण घराला कुलूप लावलं की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. पुन्हा निघालो की मनात येतं, ओढताना ते उघडलं तर नसेल? असा हा माणूस. आणि या माणसानं एकदा सीताबर्डीच्या भर बाजारात दुकानदाराला ग्राहकाचे हक्क शिकवले! हसू नका. खरंच शिकवले. पण कोणाला, ते पुढे कळेल.

मुलगा तेव्हा नुकताच नोकरीसाठी मस्कतला गेला होता, बायको-पोरीला घेऊन. जाण्यापूर्वी त्यानं आम्हाला सीताबर्डीवरून एक टू-इन-वन घेऊन दिला. म्हणजे रेडिओही तोच आणि कॅसेटही त्यातच. "पत्रं कशाला लिहायची? आवाजच पाठवत जाऊ," म्हणाला. आणि खरोखरच तिकडून कॅसेटी येऊ लागल्या. आमची नात चिऊ त्यात बोलायची. आमची ही त्या कॅसेटी इतक्यांदा लावायची की दूधवाल्यालाही चिऊच्या शाळेतल्या बाईंचं नाव पाठ झालं होतं.

मग ऐन मे महिन्यात नवी कॅसेट आली आणि मशीन बंद पडलं. बटण दाबलं की आतून नुसती घरघर.

"शेजारी वानखेड्यांकडे लावून बघायची का?" मी विचारलं.

"काही नको!" ही म्हणाली. "मागच्या कॅसेटमध्ये मुलानं काय विचारलं होतं, आठवतं ना? वानखेडे काकांनी आपली शिडी परत केली का म्हणून! या वेळी काय विचारलं असेल, देव जाणे. तुम्ही दुकानात जा. वर्षाची गॅरंटी आहे."

गेलो. काउंटरवर एक दाढीवाला विक्रेता होता. त्यानं मशीन हलवलं, कानाशी धरलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"गॅरंटीत बसत नाही काका."

"का बरं?"

"लाइट खालीवर होऊन राहिली ना. त्यानं जळलं हे. आता लाइटले कंपनी काय करन?"

"पण मालकांना विचारता आलं तर..."

"शेठ बाहेर गेले. अन् आले तरी हेच सांगतीन."

आता मी काय करावं? भांडावं? मला वाटलं, याचं म्हणणं बरोबरही असेल. लाइट खालीवर होते, हे काही खोटं नव्हतं. शिवाय माझ्याच हातून एखादं बटण चुकीचं दाबलं गेलं नसेल कशावरून? मी त्याला "थँक्यू" म्हणालो आणि घरी आलो.

"थँक्यू?" ही कपाळाला हात लावून म्हणाली. "त्यानं नाही म्हटलं आणि तुम्ही आभार मानून आलात? इतकी वर्षं पोरांना काय शिकवलंत हो? तिकडे ती पोर बोलून बसली आहे, आणि मी इकडे बंद डब्याकडे बघत बसू?"

तिचा आवाज थोडा ओला झाला होता. तो मला सहन होत नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा निघालो. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन! डोक्याला पांढरा दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, बगलेत मशीन. रिक्षात बसून वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. 'हे पाहा, ग्राहक म्हणून आमचा हक्क...' आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपोआप 'आपल्याला अडचण नसेल तर' येत होतं.

दुकानात शिरलो. आत कूलरच्या अगदी समोर, गादीच्या खुर्चीत, सफारी घातलेले एक गृहस्थ बसले होते. शेजारी एक जाडसर माणूस बाह्या दुमडून, हातात ट्रे घेऊन अदबीनं उभा होता.

खुर्चीतला माणूस मला पाहताच ताडकन उठला, काउंटर ओलांडून बाहेर आला आणि भर दुकानात वाकून माझ्या पाया पडला.

"सर! ओळखलंत? मी दिगंबर. शेवटच्या बाकावर बसायचो."

काय सांगू, माझ्या अंगात काय संचारलं! दुकानदार म्हणून जो माणूस मला वाघासारखा वाटत होता, तो आपला दिगंबर निघाला! धूर आणि अग्नी समजायला ज्याला अख्खं वर्ष लागलं, तो दिगंबर! जिथं धूर तिथं अग्नी. तसंच जो मालकाच्या खुर्चीत, तो मालक. यात शंकेला जागाच कुठे होती? जन्मात पहिल्यांदा मला शंका आली नाही, आणि तिथंच घात झाला.

"दिगंबर," मी म्हणालो, "मी तुला हे शिकवलं?"

"काय सर?"

"वस्तू विकायची, गॅरंटी द्यायची आणि बिघडली की लाइटकडे बोट दाखवायचं!"

"सर, मी इथे..."

"मधे बोलू नकोस! माझं पूर्ण होऊ दे. वर्गात काय नियम होता?"

"तुमचं होईपर्यंत हात वर करायचा नाही," तो पुटपुटला आणि हात जोडून उभा राहिला.

मग मी जो सुटलो! ग्राहक म्हणजे कोण, त्याचे हक्क काय, विश्वास म्हणजे काय, गॅरंटीच्या शब्दाला किंमत काय, सगळं सगळं सांगितलं. दाढीवाला विक्रेता खोक्यांमागे लपला. रस्त्यावरची चार माणसं आत येऊन ऐकू लागली. बोलता बोलता घसा कोरडा पडला. मी त्या ट्रेवाल्या जाडसर माणसाला म्हणालो, "उभा काय राहिलास? पाणी आण!" तो लगबगीनं पाणी घेऊन आला. वर मान डोलावून म्हणाला, "बरोबर बोलून राहिले सर. आजकाल दुकानदारांचं असंच झालं आहे."

"बघ! तुझ्या नोकराला कळतं!" मी दिगंबरला म्हणालो. "आज संध्याकाळपर्यंत मशीन दुरुस्त होऊन घरी आलं नाही, तर कोर्टात खेचीन तुला. न्यायाधीशासमोर हात जोडून उभं राहावं लागेल, तेव्हा कळेल!"

"हो सर," दिगंबर म्हणाला. हात जोडूनच. "संध्याकाळी पोचेल. सर अजून गोकुळपेठेतच ना?"

आणि खरोखरच संध्याकाळी एक खाकी कपड्यातला शिपाई मशीन घेऊन दारात हजर! "साहेबांनी पाठवलं," म्हणाला. मला कौतुक वाटलं. एवढ्याशा दुकानदाराचा शिपाई, पण काय ऐट! मशीन तर इतकं पुसून दिलं होतं की नवं कोरं वाटावं.

"अहो, याची मूठ तर तुटली होती," ही म्हणाली.

"तीही बसवून दिली. विद्यार्थी कोणाचा आहे?"

कॅसेट लावली. चिऊ बोलली. आता तिला पोहता येतं म्हणाली, आणि पोहताना कसं दिसतं ते दाखवते म्हणून काही वेळ नुसतीच फूं फूं करत राहिली. आमच्या हिनं पदर डोळ्याला लावला. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, मशीन नीट चाललंय ना? बिघडलं तर दुकानात जा. नाही, थांबा, तुम्ही नको. आईला पाठवा."

मी मोठ्यानं हसलो. कॅसेटीकडे बोट दाखवून म्हणालो, "अरे, तुला बाप अजून कळलाच नाही!"

इथंच थांबलो असतो तर हा किस्सा झाला नसता. पण कीर्ती पसरली. मी ती पसरवली, हेही खरं. तिसऱ्या दिवशी वानखेडे सकाळीच मिक्सर घेऊन आले. मूळचे रामटेककडचे शेतकरी, मोकळा माणूस.

"काय जी सर, आमचाही मिक्सर त्याच दुकानातला. तेबी लाइट लाइटच करून राहिले. चाला ना तुमच्या इद्यार्थ्याकडं! एक डोज माह्यासाठी!"

"चला," मी म्हणालो. कुलूप एकदाच ओढलं, मिक्सर मीच बगलेत मारला आणि निघालो. विचार करा, आत्मविश्वास कुठवर पोचला होता!

दुकानात पाहतो तर काय? दिगंबरचा पत्ता नाही आणि मालकाच्या खुर्चीत तो ट्रेवाला जाडसर नोकर पाय पसरून बसलेला! पुढ्यात चहा, समोर कूलर.

"ऊठ!" मी कडाडलो. "मालक नाही म्हणून त्याच्या खुर्चीत बसतोस? लाज नाही वाटत?"

तो दचकून उठला. मग इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला, "सर, खुर्ची माझीच आहे."

"तुझी?"

"दुकानही माझंच आहे."

"मग दिगंबर?"

"कोण दिगंबर? ते जजसाहेब? ते तर गिऱ्हाईक म्हणून आले होते. एवढा मोठा माणूस दुकानात आला, बाहेर ऊन तापून राहिलं, म्हणून आपली खुर्ची दिली कूलरसमोर."

माझ्या बगलेतल्या मिक्सरचं भांडं खाली पडलं आणि दारापर्यंत गडगडत गेलं. मी न्यायाधीशाला न्यायाधीशासमोर उभं करायची धमकी दिली होती!

"मग तुम्ही त्याच वेळी बोलला का नाहीत?" मी विचारलं. 'तू'चं 'तुम्ही' आपोआपच झालं होतं.

"कसं बोलणार? तुम्ही जजसाहेबांना झापून राहिले होते, अन् ते हात जोडून उभे. मी मधात पडलो असतो तर सगळं माझ्याकडे वळलं असतं. त्यापेक्षा पाणी आणलेलं बरं."

"पण माझं मशीन तर दुरुस्त केलंत ना?"

त्यानं मागच्या फळीकडे बोट दाखवलं. तुटक्या मुठीचं माझं मशीन तिथं धूळ खात होतं.

"साहेबांनी त्याच मॉडेलचं नवं घेतलं होतं. तेच तुमच्याकडे पाठवलं. म्हणाले, सरांचं आता मीच वापरीन. मी म्हटलं, तुमच्यासाठी करून देतो साहेब. तर म्हणे, माझ्यासाठी काही करायचं नाही, नियमानं करायचं असेल तर करा. आता नियमात तर बसत नाही! लाइट..."

म्हणजे माझ्या घरी चिऊ बोलत होती ती त्या पोराच्या मशीनवर, आणि त्याच्या घरी शांतता! आता खरं भांडायला हवं होतं. खरा मालक समोर होता. वानखेडे कोपरानं ढोसत होते, "सोडा सर, एक डोज सोडा!"

मी घसा खाकरला. आणि काय म्हणालो असेन? "आपल्याला अडचण नसेल तर..."

वानखेड्यांनी मिक्सरचं भांडं उचललं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, हसलीही नाही. जेवण झाल्यावर लुगडं बदलून आली. "दिगंबरचं मशीन पिशवीत घाला, वानखेड्यांचा मिक्सरही घ्या आणि चला माझ्याबरोबर," म्हणाली.

आम्हाला पाहताच मालक स्वागताला उठला. "या काकू, या!" काकू गेल्या त्या थेट काउंटरच्या पलीकडे आणि मालकाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. कूलरसमोर. पदर सारखा केला.

"काकू, ती खुर्ची..."

"चांगली आहे. आमचं मशीन दुरुस्त झालं की उठते. मला घाई नाही. घरी कूलर नाही आमच्याकडे."

"पण लाइट खालीवर होते, त्याला मी..."

"जिथं लाइट खालीवर होत नाही तिथं नेऊन विकायचं होतं. नागपुरात विकलंत ना? मग नागपूरच्या लाइटवर चाललं पाहिजे."

एवढंच! मी ज्यासाठी अख्खा तास घेतला होता ते हिनं एका दमात संपवलं. तेवढ्यात कोणी एक बाई इस्त्री बघायला आली. खुर्चीत हिला पाहून हिलाच विचारलं, "गॅरंटी आहे का हो याला?"

"आहे," ही म्हणाली. "लाइट जाईपर्यंत."

बाई इस्त्री ठेवून निघून गेली. मालकानं आत ओरडून कारागिराला हाक मारली.

मशीन त्याच दिवशी सुरू झालं. वानखेड्यांच्या मिक्सरचाही त्यातच निकाल लागला. संध्याकाळी आम्ही दिगंबरचं मशीन त्याच्या बंगल्यावर पोचवलं. मी म्हटलं, "अरे, निदान एकदा तरी सांगायचं होतंस!" तर तो म्हणाला, "सर, तुमचं पूर्ण व्हायची वाट बघत होतो. तुम्ही पूर्ण करून निघूनच गेलात."

पण शेवट तिथला नाही. शेवट त्याआधी दुकानातच झाला होता.

कारागीर आत काम करत होता. ही खुर्चीत बसली होती. मी काउंटरशी पिशवी धरून उभा होतो, कारण बसू का, असं विचारायला मला संकोच वाटत होता. एवढ्यात उन्हातून एक गिऱ्हाईक आत आलं, कामठीकडून आलेला कोणी म्हातारा. त्यानं खुर्चीत बसलेल्या हिच्याकडे पाहून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळला.

"काय उभा राहिलास गा? पाणी आण ना थोडं!"

मी हिच्याकडे पाहिलं. ही कूलरकडे पाहत होती. मी काय करणार? त्या दिवशीचा ट्रे कोपऱ्यातच होता. पाणी आणून दिलं.

म्हातारा पाणी प्यायला, मिशा पुसल्या आणि हिला म्हणाला, "माणूस बाकी चांगला ठेवला तुम्ही, बाई. अदबीचा आहे."

"हो," ही म्हणाली. "जुना आहे. गॅरंटी मात्र केव्हाच संपली."