फार्करचा हातभर राहिलेला डोंगर

आमच्या खोऱ्यात फार्करला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तशी सोय त्यानं स्वतःच केली आहे. तो शाळेची बस चालवायचा. वळणावर बस थांबवून पोरांना समोरच्या डोंगराचं नाव विचारायचा. चुकलं की बस हलायची नाही. पोरं शाळेत उशिरा पोचायची, पण डोंगर पाठ करून पोचायची.

तीन हजार फुटांवरचे देशातले सगळे डोंगर पायाखाली घालायचे, हे आमच्याकडचं जुनं वेड. शेवटच्या डोंगरावर शेजारीपाजारी सोबत जातात, वर व्हिस्की उघडतात. फार्करनं बेन ग्लासाख हा डोंगर शेवटचा ठेवला होता. आम्ही सगळे गेलो, धुक्यात शिखराची खूण म्हणून रचलेल्या दगडांच्या राशीभोवती उभं राहून त्याचं भाषण ऐकलं. बरीच वर्षं झाली. तेव्हापासून तो आमच्यातला 'पुरा झालेला' माणूस.

मग या वसंतात मोजणीवाले आले. बेन ग्लासाखला दोन टोकं. आम्ही व्हिस्की प्यालो ते पूर्वेचं. मोजणीवाल्यांनी यंत्र लावलं आणि सांगितलं, पश्चिमेचं टोक हातभर उंच आहे.

म्हणजे फार्कर शिखरावर गेलाच नव्हता.

तो पबमध्ये भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

"सोड की रे. हातभर तर आहे," मी म्हणालो.

"डुगल, तुझी मेंढी कुंपणाबाहेर हातभर गेली तर सोडतोस?"

शनिवारी आम्ही तिघं सायकलींवर निघालो. मी, फार्कर आणि त्याची बायको इश्बेल. ती त्याच्या प्रत्येक डोंगरावर मागून चालत गेलेली, खाण्याची पिशवी तिच्याच पाठीवर. तिचे डोंगर कुणी मोजले नाहीत. तिनंही कधी बोलून दाखवले नाहीत.

नदीकाठच्या कच्च्या रस्त्यानं सायकली खडखडत होत्या. बर्चच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली, पाणी दगडांशी हळू बोलत होतं. फार्करचा गुडघा प्रत्येक चढाला कुरकुरायचा.

"उतर की खाली, ढकल," इश्बेल म्हणाली.

"मी ढकलत नाही."

"तू नाही ढकलत. तुझा गुडघा मला रात्री ढकलतो, तेल लाव म्हणून."

रस्ता संपला तिथं सायकली हेदरच्या झुडपात आडव्या केल्या आणि पायवाट धरली. काळ्या दलदलीत बूट रुतत होते. दुपारी पूर्वेच्या राशीपाशी पोचलो तर धुकं उतरलं, अगदी त्या दिवसासारखं. फार्करनं त्या राशीकडे विश्वासघातकी सोयऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मग नकाशा काढला, होकायंत्र काढलं.

"इथून पुढं सांभाळून हं. मी पुढं होतो."

"डावीकडून नको," इश्बेल म्हणाली. "तिथं घसरतं. मोठ्या दगडाच्या उजवीकडून चल."

धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मोठा दगड मात्र आला, आणि डावीकडे खरंच घसरण होती. फार्कर थांबला.

"तुला कसं माहीत?"

इश्बेलनं टोपी नीट केली. "तुझं भाषण चाललं होतं ना, मला लघवीला लागली होती. एवढी माणसं! आडोसा शोधत शोधत पार टोकापर्यंत आले. ती बघ, त्या राशीमागं बसले होते."

मी बुटाच्या नाड्या बांधायला वाकलो. त्या सुटलेल्या नव्हत्या.

"म्हणजे तू..." फार्करचा आवाज बारीक झाला, "तू तेव्हाच सगळे पुरे केलेस? माझ्या आधी?"

"झाले असतील."

"बोलली नाहीस!"

"तुझा चेहरा एवढा फुलला होता. म्हटलं, राहू दे."

रास दहा पावलांवर होती. एवढ्यासाठीच तो आला होता, पण पाय उचलत नव्हता. वारा दगडांतून शीळ घालत होता. शेवटी त्यानं खिशातली व्हिस्की काढली, झाकणात ओतली आणि बायकोपुढं धरली.

"घे. तुझी राहिली होती."

तिनं एका घोटात घेतली. "आता जा, लाव हात. मला थंडी वाजते."

त्यानं जाऊन वरच्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

संध्याकाळी पबमध्ये कुणी विचारायच्या आत फार्कर स्वतःच उभा राहिला. "ऐका रे! आमच्या घरात आधी इश्बेल पुरी झाली, मी नंतर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेले आपटले. तेवढ्यावर बसायचं, तर तो फार्कर कसला. "मला तेव्हाच शंका आली होती," तो म्हणाला. "म्हणून तर मीच तिला पलीकडचं टोक बघायला पाठवलं."

इश्बेल सूप पीत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मिठाची बाटली मागितली.