सुट्टीतलं रिकामं क्लस्टर

सोंगक्रानची, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवायच्या थाई नववर्षाची, सुट्टी लागली आणि खोन केनचं विद्यापीठ ओस पडलं. मेंदूचे स्कॅन तपासणाऱ्या विभागात एकटी ओई उरली. खरं नाव सुपावदी, पण ते पगारपत्रकापुरतंच.

खालच्या थंड खोलीत जोडलेली यंत्रं, म्हणजे क्लस्टर, सगळ्यांचं मिळून एक. त्यावर हावरटासारखं काम लावायची तिथे कुणाची रीत नव्हती. दुसऱ्याचा खोळंबा नको, म्हणून ओईनेही कायम एका वेळी एकच मेंदू चालवला, म्हणजे एकाच स्कॅनची आकडेमोड लावली. एक संपला की दुसरा. आज मात्र रांगेत कुणीच नव्हतं.

"एकेक शीत वेचून काय खातेस, ताई?" यंत्रं सांभाळणारा कोप पिशवी खांद्याला अडकवत म्हणाला. "अख्खं ताट तुझंच आहे. सगळे एकदम लाव."

तिने लावले. कोप गावाला गेला.

त्या मेंदूंत एक तिच्या आईचा होता. गेल्या वर्षी ओईनेच तिला स्कॅनसाठी आणलं होतं. तेव्हा ओई दारात दिसली की आई "ही कोण?" म्हणून तोंड फिरवायची. थोरल्या भावाला मात्र नावाने हाक मारायची. "तिला सगळं कळतं," भाऊ म्हणायचा. "शहरात जाऊन बसलीस, त्याचा राग आहे." स्कॅन रांगेतच राहिला, आई गेली. राग होता की आजार, एवढंच ओईला हवं होतं.

दुपारी आकडे आले. आईचा आठवणींचा भाग वयाच्या मानाने अगदी शाबूत होता.

म्हणजे राग.

ओईने डबा उघडला. चिकट भाताचे गोळे करून खाल्ले. चव लागली नाही, तरी संपवले. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"सणाचं आईच्या अस्थींवर पाणी घालायला येतेस ना?"

"काम आहे, दादा."

"सुट्टीत कसलं काम? मेल्यावरही तिला वाटच बघायला लाव."

फोन बंद झाला. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. सवयीने तिने आकड्यामागचं चित्र उघडलं. आईच्या पुढच्या दातांना धातूची पट्टी होती. स्कॅनमध्ये तोंडाशी काळा डाग पडायलाच हवा होता. या चित्रात तो नव्हता. जबडाही रुंद, पुरुषी.

मग तिला कळलं. चालता चालता प्रत्येक मेंदू आपली अर्धवट चित्रं एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवायचा. फोल्डर सगळ्यांना एकच. एकेक मेंदू चालवताना कधी बिघडलं नाही. आज सगळे एकदम शिरले आणि एकाने दुसऱ्याचं पुसून आपलं लिहिलं. आईच्या जागी कुणीतरी धडधाकट म्हातारा बसला होता.

तिने प्रत्येकाला वेगळा फोल्डर दिला, पण आधी आईचा मेंदू एकटाच चालवला. यंत्रांच्या पंख्यांचा आवाज जमिनीतून वर येत राहिला. ती खुर्चीतून हलली नाही.

या वेळी काळा डाग होता. आठवणींचा भाग सुकून बारीक झालेला. कुणीही आजार ओळखला असता.

तिने भावाला फोन लावला.

"दादा, आई चिडली नव्हती."

"मग?"

"तिला मी आठवतच नव्हते."

पलीकडे पोरं पाणी उडवत किंचाळत होती. भाऊ दाराआड गेला असावा. आवाज कमी झाला.

"हे बरं की वाईट, ओई?"

"कळत नाही."

"मला उगाच वाटायचं, तूच..." तो थांबला. "ये तरी."

"बसला गर्दी असेल."

"उभी राहून ये."

तिने बाकीचे मेंदू पुन्हा लावले, सगळे एकदम. पडद्यावर एकेका ओळीपुढे 'चालू' उमटत गेलं. शेवटची ओळ येईपर्यंत ती बघत राहिली. मग पाकीट घेतलं, दिवे बंद केले आणि बसस्थानकाकडे निघाली. गेटपाशी कुण्या पोराने तिच्या पाठीवर बादली रिकामी केली. पाणी गार होतं, एवढं तिला समजलं.