आधी पाय दाखव

“तोंड राहू दे. आधी पाय दाखव.”

सुधारगृहातून सुटलेल्या पोराला अक्का पहिल्यांदा हेच म्हणायची. पोरगं बिचकून पाय मागे घ्यायचं. अक्का खाली बसायची, त्याची टाच तळहातावर घ्यायची आणि नुसत्या हाताने माप धरायची. ज्यांना न्यायला कुणीच येत नाही, अशी ती पोरं. आत गेली तेव्हाची चप्पल आता अर्ध्या पायाला पुरायची.

नाशिकरोडच्या बाजारात तिची चपलांची गाडी, शेजारी माझी भाजीची. काम लागेपर्यंत पोरं तिच्या घरामागच्या खोलीत राहायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लांबून बरी वाटतात, शेजार जड जातो.

मी एकदा म्हटलं, “अगं, काय करून आत गेला होता, विचार तरी.”

“गिऱ्हाइकाने भेंडी मोडून बघितली की तुला राग येतो ना?”

“येतो.”

“मग?”

पोरांना तिने एक वळण लावलं होतं. घरी कुणी आलं, की जाताना त्याच्या चपला दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून ठेवायच्या. “पाहुण्याला उलटं फिरायला लागू नये,” म्हणायची. एक पोरगा पोस्टमनचीही चप्पल वळवायला धावला. पोस्टमन म्हणाला, “अरे, मी आत आलोच नाही!” अक्का पोट धरून हसली.

यंदा उन्हाळ्यात ती गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही गल्लीतल्या बायका बसायला गेलो. दारात ती पोरं उभी होती. पुढचीने पोरांकडे बघत चपला काढल्या आणि पिशवीत घातल्या. मागचीनेही. मीसुद्धा.

आत तिचा भाचा म्हणाला, “घर आता माझ्याकडे आलंय. गल्लीची हरकत नसेल तर पोरांना राहू देतो. तुम्ही सांगा.”

सगळ्या पदराशी चाळा करत बसल्या. मी भिंतीकडे बघितलं.

निघताना सगळ्यात लहान पोरगा उंबऱ्याबाहेर वाकला होता. वळवायला चपलाच नव्हत्या. त्याने वर पाहिलं.

“मावशी, तुमच्या कुठं आहेत?”

पिशवी माझ्या काखेत होती.

“घाईत अनवाणीच आले रे.”

त्याने तापलेल्या रस्त्याकडे बघितलं. घरासमोर आणून लावलेल्या अक्काच्या गाडीवरून एक जोड काढून आणला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

“पाय दाखवा, मावशी.”

त्याने माझी टाच तळहातावर घेतली. बाकीच्या बायका पिशव्या सावरत पुढे निघाल्या.

मी तेव्हाही मागे फिरून भाच्याला काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने खोली भाड्याने दिली. पोरं कुठे गेली, कुणी विचारलं नाही.

चप्पल मला बरोबर बसते.