कंपनीची लेंडी

शेअर बाजारात मी आयुष्यात एकदाच पडले, आणि पडताना नवऱ्यालाही धरून पडले.

आमचं घराणं मेंढरांचं. सासरे दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे. पुढं भीमेचं पाणी शेतात आलं, ऊस उभा राहिला, आणि मेंढरांना चरायला बांधसुद्धा उरला नाही. मग आमच्या मालकांनी (मालक म्हणजे नवरा, मालकी कोणाची होती ते पुढं कळेलच) सगळा कळप विकला आणि घर बांधायला काढलं. भिंती झाल्या, दारं-खिडक्या झाल्या, आणि स्लॅबची पाळी आली तेव्हा हातात होतं त्यात अर्धाच स्लॅब पडत होता. अर्ध्या स्लॅबखाली अर्धंच कुटुंब झोपणार. म्हणून काम थांबलं आणि आम्ही शेजारच्या छपरात राहायला लागलो.

नुसतं राहण्याचं मला काही वाटलं नसतं. पण थोरला गोरख लग्नाचा झाला होता. पोरीचा बाप यायचा, भिंती बघून मान डोलवायचा, आत जायचा, वर बघायचा. वर आभाळ. मग चहा प्यायचा, "कळवतो" म्हणायचा आणि कळवायचा नाही. असे पाच-सहा बाप आमचा चहा पिऊन गेले.

ते नव्व्याण्णव साल. शिरूरच्या एस.टी. स्टँडामागं विलासशेठनं नवीन शेअरचं दुकान काढलं होतं. दुकानात माल काहीच नाही. एक टीव्ही, एक फोन आणि सहा खुर्च्या. मालक तिथं एकदा चहाला म्हणून गेले आणि स्लॅबच्या पैशाचे कॉम्प्युटरच्या कंपनीचे शेअर घेऊन आले.

"कॉम्प्युटर बघितलाय का कधी तुमी?" मी विचारलं.

"बघायचं काय त्यात? वर चाललाय. जे वर चाललंय ते घ्यायचं. पळत्याच्या मागं पळायचं."

"आन् थांबला म्हंजी?"

"थांबला की उतरायचं, दुसऱ्या पळत्याच्या मागं लागायचं. विलासशेठनं सांगितलंय."

खरं सांगते, तो शेअर पळाला. मालक दर बाजाराला शिरूरला जायचे आणि येताना छाती थोडी आणखी पुढं घेऊन यायचे. दोन महिन्यांत सदऱ्याची बटणं लागेनात. गावात लोक त्यांना रामराम घालून कुठला शेअर घेऊ म्हणून विचारायला लागले. पाऊणशे मेंढरं सांभाळली तेव्हा कोणी एका मेंढराबद्दल विचारलं नव्हतं.

मला ते सहन होईना. पैसे वाढत होते ते चांगलंच. पण मालकांना अक्कल आहे असं गावाला वाटायला लागलं होतं, आणि तीस वर्षांत मी ते कळू दिलं नव्हतं.

शिवाय आमच्या धंद्याची रीत उलटी. गुबगुबीत मेंढरू कोणीही ओळखतो, त्यात कमाई नाही. आम्ही भर उन्हाळ्यात, चारा संपलेल्या माणसाकडून हाडं दिसणारी मेंढी मातीमोल भावात घ्यायचो. पाऊस झाला की तीच मेंढी अंग धरायची आणि सणाच्या तोंडाला दुप्पट भावानं जायची. हे मी विलासशेठला दुकानात जाऊन सांगितलं.

"बरोबर हाय, काकू," तो म्हणाला. "तशी बी गिऱ्हाइकं असत्यात. तुमच्या मालकांवानी एक, पळत्याच्या मागं जाणारी. दुसरी तुमच्यावानी, मार खाल्लेलं घेऊन दोन-चार वर्षं गप बसणारी. मोठमोठ्या देशांत दोन्ही चालतं म्हणं. आपला बाजार अजून वासरू हाय. कवा दूध पितंय, कवा लाथ मारतंय, सांगता येत न्हाई."

"मग पडलेलं दाव एखादं."

"एखादं नगं, काकू. घेतलं तर धा-पंधरा घ्या. त्यातली चार मरत्यात, बाकीची उठत्यात, तवा हिशेब जमतो."

आता बघा. जन्मभर कळपाचा धंदा केलेल्या बाईला कळप घे म्हणून हा दुकानदार सांगत होता, आणि मी म्हणाले, "चार मरत्यात ती तुमच्यासारख्यांची. मी पारखून घेते."

मी पारखली ती शिक्रापूरजवळची एक कंपनी. प्लास्टिकच्या बादल्या आणि टब करणारी. नाव सांगत नाही, आता सांगून उपयोगही नाही. तिचा शेअर दोन वर्षांत इतका पडला होता, की एका शेअरच्या पैशात तिचीच बादली आली नसती. मी म्हटलं, हीच ती उन्हाळ्यातली मेंढी. पण मेंढी उपासानं वाळली आहे की रोगानं, हे बघितल्याशिवाय आम्ही पैसे काढत नाही. पाठीचा कणा चाचपायचा, खालची पापणी उलटून बघायची, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे लेंडी बघायची. लेंडी सुटी, काळी, गोल पडत असेल तर मेंढरू जगतं. पोटात जातंय आणि बाहेर येतंय, एवढं कळलं की पुरे.

कंपनीची लेंडी म्हणजे मागच्या दारानं बाहेर पडणारा माल. मी मालकांना घेऊन तळेगावच्या बाजाराच्या जीपनं निघाले आणि पुढं शिक्रापूरला कंपनीच्या मागच्या गेटसमोर बाभळीखाली जाऊन बसले. बरोबर भाकरी होती.

आमची भाकरी संपायच्या आत तीन ट्रक बाहेर पडले. तिन्ही खच्चून भरलेले, वर ताडपत्री, दोर आवळलेले, चाकं दबलेली. मालक म्हणाले, "बादल्यांचं एवढं वजन व्हतं व्हय?"

"लय असत्यात म्हणून होतं," मी म्हणाले.

गेटवर परमुलखातला एक वॉचमन होता. मी त्याला विचारलं, "भैया, ट्रक रोज जाता है क्या?"

"रोज, अम्मा. रात-दिन लोडिंग चल रही है. साँस लेने की फुरसत नहीं."

मी मालकांकडं बघितलं. माझी पारख आता परमुलखातला माणूससुद्धा कबूल करत होता.

त्या आठवड्यात मी मालकांच्या मागं लागले. पळता शेअर विका आणि बादलीत घाला. मालक नाही म्हणाले. मी स्वयंपाक केला, पण त्यात मीठ घातलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी शेअर विकला.

"लेंडी तू बघितलीस," ते म्हणाले. "उद्या मेलं तर तू पुर."

पुढच्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. मालकांचा विकलेला शेअर आणखी जोरात पळाला, आणि माझी बादली आणखी खाली बसली. मालक माझ्याशी बोलेनासे झाले. काही हवं असलं की बैलाशी बोलायचे. "सर्जा, चहा मिळंल का रं?" मी बैलालाच उत्तर द्यायचे, "सर्जा, मेंढराला औषध पाजलं की आधी ते आणखी वाळतं, मग उठतं. सांग त्यास्नी."

विलासशेठचा निरोप आला, की बादलीला आता कोणी गिऱ्हाईकच नाही. मी मनाशी म्हणाले, गिऱ्हाईक नसतं तेव्हाच तर घ्यायचं असतं. उरलेसुरले होते तेही घातले.

मग एक दिवस मालकच उठून म्हणाले (बैलाला नाही, मला), "चल, मेंढी बघून येऊ."

आम्ही पुन्हा शिक्रापूरला गेलो. बाभूळ होती. गेट होतं. वॉचमन होता, खुर्ची टाकून निवांत बसलेला. कंपनी नव्हती. नुसत्या भिंती उभ्या. वरचा पत्रासुद्धा काढून नेलेला, आणि जमिनीवर यंत्रं होती तिथं बोल्ट वर आलेले. अगदी आमच्या घरासारखं दिसत होतं. भिंती आणि वर आभाळ.

"अरे, बादल्या कुठं गेल्या?" मी मराठीतच विचारलं.

"बाल्टी तो साल भर से बंद है, अम्मा," तो म्हणाला. "मशीन जा रही थी. आप लोग उस दिन देख तो रहे थे. खाना भी खाया था."

त्याला आम्ही आठवत होतो. यंत्रं जाताना बाभळीखाली जेवायला बसलेली माणसं त्यानं दुसरी बघितली नसतील.

मालकांनी त्या बोल्टांकडं बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "ती लेंडी नव्हती. हगवण हुती."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, कारण मला गोरख दिसत होता. पोरगं आता पंचवीस पार करत होतं, आणि त्याच्या लग्नाचा स्लॅब मी ट्रकात भरून जाताना बघत भाकरी खाल्ली होती.

थोडे महिने गेले आणि मालकांचा तो कॉम्प्युटरचा शेअरही असा कोसळला, की विलासशेठच्या सहापैकी चार खुर्च्या रिकाम्या झाल्या. आपण वेळेवर उतरलो होतो, हे कळल्यावर मालक माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. मला शेअर पडल्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या दिवशी मी गोड केलं.

पण छप्पर तर हवंच होतं. स्लॅबचं नाव काढायची सोय उरली नव्हती, म्हणून आम्ही एक शेळी विकली आणि हायवेच्या कडेला भंगारवाल्याकडं जुना पत्रा बघायला गेलो. चांगला जाड पत्रा निघाला. उलटा करून बघितला तर त्यावर निळ्या रंगात कंपनीच्या नावाची मोठमोठी अक्षरं. आमच्याच बादलीवाल्या कंपनीच्या.

"भाऊ," मी म्हणाले, "ह्या कंपनीत आमचे शेअर हायेत. जरा कमी करा की."

त्यानं वर न बघता सांगितलं, "मावशी, मागल्या आठवड्यात तिघं तेच सांगून गेले. त्यास्नी बी कमी केलं न्हाई."

पत्रा चढवला. अक्षरं खालच्या बाजूला आली, कारण मालक म्हणाले, वर ठेवली तर गाव वाचील. मग दौंडकडचे पाव्हणे पोरगी बघायला या म्हणून सांगायला आले. आत गेले, वर बघितलं आणि यावेळी थांबले.

"कंपनीत हाय का कोण तुमचं?"

"आमचे शेअर हायेत त्या कंपनीत," मालक म्हणाले. खोटं काहीच नव्हतं. पाव्हण्यांनी एकमेकांकडं बघितलं, चहा दुसऱ्यांदा घेतला, आणि सोयरीक जमली.

सून गुणाची निघाली, पण चौकस. पहिल्याच आठवड्यात ती चुलीपाशी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, मामंजी म्हणत हुते आपले कंपनीत शेअर हायेत. ती कंपनी कुठं हाय ओ?"

मी भाकरी थापत होते. पिठानं भरलेलं बोट तसंच वर पत्र्याकडं केलं आणि म्हणाले, "ती काय."