आईच्या हनुवटीवरचं गोंदण

आईच्या वर्षश्राद्धाला लावायचा मोठा फोटो मीच तयार करणार, हे मी धाकट्या भावाला ठणकावून सांगितलं होतं. तिचा धड असा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, पोस्टकार्डाएवढा. तो स्कॅन करून मी नांदेडला माझ्या कॉम्प्युटरवर त्याचं रंगचित्र केलं. मागची गर्दी काढून टाकली, लुगड्याचे काठ उजळले. मोठं छापल्यावर चेहरा फुटू नये म्हणून फाइल पहिल्यापासून फ्रेमच्या मापाची ठेवली. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं हिरवट गोंदण तर ठिपका न् ठिपका जपलं.

फाइल जड, म्हणून पेन ड्राइव्ह भावाच्या हातात दिला. नुसतं बघायला म्हणून एक बारकी प्रत त्याच्या मोबाइलवर पाठवली होती. त्या शहाण्याने अहमदपूरच्या फ्लेक्सवाल्याला तीच पुढे पाठवली. पेन ड्राइव्ह त्याच्या खिशातच राहिला!

श्राद्धाच्या सकाळी गावी पोचले, तर भिंतीवर एक गोरीपान, गुबगुबीत बाई. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"मॅडम, फोटो लई बारका होता. एआयनं मोठा केला, फ्रेमला पुरंना म्हणून आडवा ताणला. तोंडावरचे डाग बी साफ केले."

डाग! माझं डोकंच फिरलं.

"जाऊ दे ना ताई," भाऊ म्हणाला, "चांगली तर दिसून राहिली."

आल्यागेल्यांचंही तेच. काय सुंदर दिसते म्हणे! जन्मभर उन्हात राबलेल्या माझ्या आईला यांतल्या एकानेही कधी देखणी म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा पुसल्यावर बरी आवडली यांना. मला तिथेच सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात मावशी हार घेऊन पुढे झाली. लहानपणी तिने आणि आईने एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसून गोंदवून घेतलं होतं. ती फ्रेमपुढे थबकली.

"ही कोन हाय गं?"

तिने वळून सगळ्यांकडे बघितलं.

"मंग हार कुनाला घालू?"

मी खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. पर्समधला तो मूळ फोटो काढून समईला टेकवून उभा केला. मोठ्या फ्रेमच्या मापाचा हार; मावशीने तो दुमडून फोटोभोवती ठेवला. मग वाकून आईच्या हनुवटीवर बोट टेकवलं.

"हाव. ही हाय," ती म्हणाली, आणि मग रडली.