घरी येऊ नका

आमच्या मिशनची वेबसाइट मी चालवते. चालवते म्हणजे काय, तर कोकणातल्या आमच्या दवाखान्याचे फोटो टाकायचे, रविवारचं प्रवचन चढवायचं आणि खाली लोक जे काही वाह्यात लिहून जातात ते पुसायचं. 'किती किलो तांदळात बाप्तिस्मा?' हा त्यातला सभ्य प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या भायखळ्यात काढलेल्या, मराठीतच भांडणाऱ्या आणि मराठीतच प्रार्थना करणाऱ्या घरात बसून हे वाचलं की माझं डोकं फिरतं. आई म्हणते, "पुसून टाक आणि चहा पी."

त्याच वेबसाइटवर एक चौकोन आहे : 'तुमच्यासाठी काय प्रार्थना करू?' कुठल्याही धर्माच्या माणसाने, हवं तर नाव न सांगता, तिथे मनातलं लिहावं. आलेल्या विनंत्या मी बुधवारी आईला देते, कारण बुधवारी आमच्या घरी महिला मंडळाची प्रार्थनासभा असते आणि आई त्या मंडळाची प्रमुख आहे. विनंत्या मोठ्याने वाचायच्या, आपसात वाटून घ्यायच्या, डोळे मिटून प्रार्थना करायची आणि मग त्याच आठवड्यात त्या माणसाच्या घरी जाऊन यायचं, ही मंडळाची जुनी रीत. भेटीशिवाय प्रार्थना म्हणजे अर्धंच काम, असं या बायका मानतात. वेबसाइट आल्यावर दुबईहूनही विनंत्या यायला लागल्या, तेव्हा तिथे भेटायला कसं जायचं म्हणून त्या खरोखर हिरमुसल्या होत्या.

भेटीला गेल्यावर आई काय करते, तेही सांगायला हवं. ती विचारते. नाव काय, माहेर कुठलं, मुलं किती, सून कशी. टॅक्सीवाल्याचीसुद्धा सुटका नाही. भायखळ्याच्या बाजारात भाजी घेताना तिने एका भाजीवालीच्या भावाचं लग्न जमवलेलं मी पाहिलं आहे.

तर मागच्या वर्षी एका बाईची विनंती आली. छातीत गाठ लागते. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मुलीचं लग्न ठरतंय, आता हे निघालं तर मुलाकडचे काय म्हणतील. डॉक्टरकडे जायची हिंमत होत नाही. लालबागला नव्या टॉवरमध्ये राहते, पण शेजारी सगळे जुन्या चाळीतलेच, एकीला कळलं की मजल्याला कळतं. आम्ही हिंदू आहोत, चालेल ना? फक्त प्रार्थना करा, घरी येऊ नका. खाली सही : 'एक बहीण'.

आईने वाचून संपवलं. मग डोळे मिटले, प्रार्थना झाली, एकदोघी रडल्या. आणि 'आमेन' म्हणून डोळे उघडतात न उघडतात तोच एक मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर माझ्या वहिनीची बिल्डिंग असणार! तिच्या मजल्यावर एका मुलीचं जमतंय म्हणत होती."

चहा होईपर्यंत बायका मनाने त्या बाईच्या दारापर्यंत पोहोचल्या. शनिवारी जायचं, केक न्यायचा, वहिनीकडे आलो होतो, सहज डोकावलो, असं सांगायचं.

मी आतल्या खोलीतून ओरडत बाहेर आले. "तिने लिहिलंय ना, येऊ नका म्हणून? मराठीत लिहिलंय!"

"तुझं बरं आहे," आई म्हणाली. "तुझं टाइप केलं की झालं. ती बाई गाठ घेऊन बसलीय तिकडे. उशीर झाला आणि काही झालं, तर देवाला काय सांगू मी? येऊ नका लिहिलं होतं, म्हणून गेलो नाही?"

"आणि तुम्ही केक घेऊन दारात उभ्या राहिलात की सासू विचारेल, या कोण. ती तुम्हाला ओळखत नाही म्हणेल, आणि पुन्हा कुणालाच काही लिहिणार नाही."

आई कप गोळा करून आत गेली. खरं सांगायचं तर मला आईचंही पटत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. वेबसाइटचा पडदा ठेवायचा तर बाई एकटी पडते, काढायचा तर ती उघडी पडते. तिने लिहिलं होतं ते आम्ही अनोळखी आहोत म्हणून, आणि तिला गरज होती ती जवळच्या कुणाची तरी.

बराच वेळ कप विसळल्यावर आईने विचारलं, "इथून तिला उत्तर जातं का?"

जात होतं. बाईने नाव नसलेला एक ईमेल दिला होता. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. 'बहिणी, सलाम. आम्ही घरी येणार नाही. दर गुरुवारी सकाळी परळच्या हॉस्पिटलबाहेर आम्ही बाहेरगावच्या पेशंटना चहा-बिस्कीट देतो. झाडाखालच्या बाकावर मी हिरवी शाल घेऊन बसेन. शेजारची जागा पर्स ठेवून धरीन. ये. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. आत यायला कुणी हवं असेल तर मी आहे.'

"खाली बायबलमधलं एखादं वचन घालू?" मी विचारलं.

"नको. तिला वाटेल, आधी यांचं प्रवचन ऐकून घ्यावं लागेल."

पहिल्या गुरुवारी बाकावर कुणी आलं नाही, आई पर्स उचलून परतली. पुढच्याही. उन्हाळ्यात शाल कशाला, म्हणून मंडळाच्या बायका चिडवायच्या, ही काढायची नाही. मग एका गुरुवारी ती संध्याकाळ झाल्यावर घरी आली आणि न जेवता झोपली. मी खूप विचारलं, तर म्हणाली, "पाय दुखतायत."

त्यानंतर काही आठवड्यांनी चौकोनात चार ओळी आल्या. उपचार सुरू झालेत. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्याला सांगितलं, तो आता बरोबर येतो. 'तुमच्या त्या हिरव्या शालीच्या बाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर होत्या. काहीच विचारलं नाही हो त्यांनी. त्यांना सांगा.'

चौकोनातलं मिशनच्या कार्यालयातही दिसतं, तिथून लगेच फोन आला. देवाच्या कृपेची किती छान साक्ष आहे, पहिल्या पानावर टाका, जमलं तर बाईंचा फोटो घ्या. मी नाही म्हटलं. चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही म्हटलं, आणि ते ऐकून घेतात हे त्यांचे उपकार. ती बाई ख्रिस्ती झाली नाही, होणारही नाही बहुतेक, आणि तिचं दुखणं आमच्या पहिल्या पानासाठी नव्हतं.

आईला मात्र त्या ओळी वाचून दाखवल्या. तिने दोनदा वाचायला लावल्या.

"दिवसभर काहीच विचारलं नाहीस?" मी म्हटलं. "तू?"

"पर्स उचलून मांडीवर घेतली तिने आणि बसली." आई डोळे पुसत म्हणाली. "नाव ओठांवर आलं होतं गं माझ्या, विचारायला. पण विचारलं असतं, तर उठून गेली असती."